दाद मागणे भक्ताला शोभते काय?



सरकारी कचेरीने एखाद्या अपंग मुलाच्या बाबतीत अपुरा निर्णय दिला, तर त्याने वरच्या दारी दाद मागावी, की ईश्वरेच्छा समजून गप्प राहावे? हा प्रश्न आम्हांस गेल्या वर्षभरात नागपुरात आणि आसपासच्या गावांत मिळून चार-पाच ठिकाणी विचारला गेला. विचारणारे कोणी नास्तिक नव्हेत. गळ्यात माळ, कपाळी बुक्का, एकादशी न चुकवणारी ही मंडळी. त्यांची अडचण कायद्याची नव्हती, अंतःकरणाची होती. अपील करणे म्हणजे देवाने दिले त्यावर असंतोष दाखवणे, सरकारपुढे हात पसरणे आणि वर माणसांशी भांडणे. हे तिन्ही वारकऱ्याला वर्ज्य, मग करावे काय? प्रश्न साधा दिसतो खरा, पण समाधान या शब्दाचा अर्थ काय हा मोठा प्रश्न त्याच्या तळाशी बसलेला आहे. म्हणून त्याचा विचार येथे थोडा विस्ताराने करावा असे योजिले आहे.

विषय हवेत राहू नये यासाठी एक प्रकरण पुढे ठेवतो. नावे सांगण्याचे कारण नाही. नागपुरात महाल भागात एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब राहते. घरधनी आमच्या मागे वीस वर्षे टाळ धरून उभे राहिलेले. त्यांचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, तेव्हापासून त्याचे दोन्ही पाय ताठर आहेत आणि डावा हातही दुबळा आहे. बुद्धीने मुलगा तल्लख. बी. कॉम. झाला, संगणकावर दुकानदारांचे हिशेब लिहितो. लहानपणी काढलेल्या दाखल्यावर त्याचे अपंगत्व 80 टक्के लिहिलेले होते. पुढे नवे ओळखपत्र काढण्यासाठी एका सरकारी इस्पितळात पुन्हा तपासणी झाली आणि या वेळी कागदावर आकडा आला 72. साधने-उपकरणे देण्याची केंद्र सरकारची ‘एडिप’ नावाची योजना 1981 पासून चालू आहे. तिच्यातून मोटारवर चालणारी तीनचाकी मिळते, पण तिला अट 80 टक्क्यांची. साहजिकच अर्ज परत आला. हाताने दांडा फिरवून चालवायची तीनचाकी घ्या, असे खिडकीवरच्या माणसाने सांगितले. डावा हात चालत नाही त्याने दांडा फिरवायचा कसा, हे त्या खिडकीत विचारण्याची सोय नव्हती.

हे टक्के कसे काढतात याची आम्ही चौकशी केली. आमच्या कीर्तनाला येणाऱ्या एका हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर आकडे मांडून समजावले. एका अवयवाचे नुकसान 60 टक्के आणि दुसऱ्याचे 40 टक्के असले तर दोहोंची बेरीज शंभर धरत नाहीत. मोठा आकडा तसाच ठेवायचा, 90 मधून तो वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणायचे, 90 ने भागायचे आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. म्हणजे 60 आणि 40 मिळून होतात सुमारे 73. यात लबाडी काही नाही. मोजमापाची ती एक रीत आहे, आणि कोठे तरी रीत ठरवावीच लागते. सांध्याची हालचाल किती, स्नायूंत जोर किती, तोल किती, हे सारे डॉक्टर मोजतात. पण वाड्याचा जिना मोजीत नाहीत. चितार ओळीपाशी आता मेट्रोचे स्थानक आहे. तेथे लिफ्ट आहे आणि गाडीचे दार फलाटाच्या समपातळीत उघडते, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु वाड्याच्या दारापासून त्या लिफ्टपर्यंतचा बोळ, त्यातले उघडे गटार, फरशीवर आडव्या लावलेल्या दुचाक्या आणि मे महिन्यातले नागपूरचे ऊन हे कोणत्याच टक्क्यात बसत नाही. पाय किती अधू आहेत ते कागद सांगतो. माणसाला कोठे जाता येत नाही ते सांगत नाही.

जाता जाता एक. पूर्वी पांगळा म्हणत, मग अपंग म्हणू लागले, आता दिव्यांग म्हणतात. शब्द मृदू झाला याचा आनंद आहे. कचेरीच्या पायऱ्या मात्र जेवढ्या होत्या तेवढ्याच आहेत.

अर्ज परत आला त्या आठवड्यात मुलाचे वडील आमच्याकडे आले. म्हणाले, “महाराज, आता वरच्या हापिसात कायले जाचं जी? नशिबात जे लिहिलं असन ते होईन. तो वर बसला हाय ना पाहाले.” मुलगा खुर्चीत शेजारीच होता. तो शांतपणे म्हणाला, “बाबा, पाय देवानं दिले तसे दिले. पण बहात्तर काही देवानं नाही लिहिलं.”

या एका वाक्यात सारा पूर्वपक्ष कोसळतो. वेदान्तात कर्माचे तीन भाग सांगतात: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. देह कसा मिळाला हे प्रारब्धाकडे लावा. आमची ना नाही. परंतु मेजाच्या पलीकडे बसलेल्या माणसाने, रांगेत शंभर लोक असताना, चार मिनिटांत लिहिलेला आकडा हाही प्रारब्धच मानायचा असेल, तर तो आकडा पटला नाही म्हणून मुलाच्या मनात उठलेली दाद मागण्याची इच्छा तरी प्रारब्धाबाहेरची कशी? निर्णय तेवढा ईश्वराचा आणि अपील तेवढे माणसाचे, अशी वाटणी कोणत्या शास्त्रात आहे? आमच्या डोळ्यांवर चाळशी आहे, तिला कोणी प्रारब्धाशी केलेले बंड म्हणत नाही. ताप आला की भाविक माणूसही वैद्याकडे जातो. प्रारब्धाची आठवण आपल्याला नेमकी तेव्हाच होते, जेव्हा दुसऱ्यासाठी उठून कोठे तरी जावे लागणार असते.

आता समाधानाकडे येऊ, कारण खरी गाठ तेथे आहे. जसे ठेवले आहे तसे राहावे आणि चित्तात समाधान असू द्यावे, ही तुकोबारायांची शिकवण घराघरांत पाठ आहे. ती खोटी कोण म्हणेल? पण तिचा वापर कसा होतो ते पाहावे. जो स्वतः सोसतो त्याने स्वतःला सांगितले तर ते समाधान. धडधाकट माणसाने दोन्ही पायांवर उभे राहून पांगळ्याला सांगितले तर त्याला काय म्हणावे? उपवास ज्याचा त्याने धरायचा असतो. दुसऱ्याच्या पुढचे ताट उचलून घेऊन ‘आज तुझी एकादशी’ असे म्हटल्याने पुण्य लागत नाही.

आणि ज्या तुकोबांचा दाखला आपण देतो त्यांनी काय केले? त्यांच्या अभंगांविरुद्ध निवाडा झाला, वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. त्यांनी निवाडा देणाऱ्याला शिव्याशाप दिले नाहीत, हे खरे. पण झाले ते बरे झाले म्हणून ते दुकानावर जाऊनही बसले नाहीत. तेरा दिवस अन्नपाणी सोडून नदीकाठच्या शिळेवर विठ्ठलाच्या दारी धरणे धरले. हे अपील नव्हे तर काय? आपले समाधान त्या तेरा दिवसांना विसरून सांगितले जाते, तेव्हा ते अर्धे सांगितले जाते. चोखोबांचेही तसेच. महाद्वाराबाहेर उभे राहून त्यांनी केलेली भक्ती आपण शतकानुशतके गायिली, डोळ्यांतून पाणी काढले आणि ते कसे पायरीपाशीच तृप्त होते हे लोकांना सांगितले. दार मात्र उघडले नाही. ते उघडण्यासाठी 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींना पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. त्या वेळीही ‘बाहेरूनच दर्शन घेण्यात काय उणे आहे’ असे म्हणणारे, आत जाऊ शकणारे लोकच होते.

दुसरी शंका याचनेची. दाद मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे, हा भेद आपल्या जुन्या व्यवहारातही स्पष्ट होता. शिवकाळात गोतसभेचा निवाडा पक्षपाताचा वाटला तर वादी ‘परस्थळ’ मागत असे, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या सभेपुढे आपला वाद नेत असे. त्यात त्याला कोणी भिकारी म्हणत नसे. भिक्षेला कारण द्यावे लागत नाही, दात्याची मर्जी. दाद मागणारा मर्जी मागत नाही, कारण मागतो.

आणि या बाबतीत आपल्या संप्रदायाच्या मुळाशीच एक असे प्रकरण आहे की त्याच्याकडे या दृष्टीने फारसे पाहिले जात नाही. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताबाई ही चार लेकरे. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीत त्यांना दार बंद. मुंजीचा अधिकार हवा असेल तर पैठणच्या ब्रह्मसभेचे शुद्धिपत्र आणा, असे त्यांना सांगण्यात आले. शुद्धिपत्र म्हणजे अखेर दाखलाच की! तेव्हा भावंडांत जो विचार झाला तो नामदेवरायांनी ‘आदी’च्या अभंगांत गायिला आहे. निवृत्तिनाथांचे म्हणणे असे की आपण आत्मस्वरूप, आपल्याला ना जात ना कुळ. मग पत्र कशाला आणि कोणाकडे मागायचे? सोपानदेवांचा भर भक्तीवर. तत्त्वतः दोघांचेही खरे. पण ज्ञानदेव म्हणाले की विधी पाळला पाहिजे, मार्ग राखला पाहिजे. आणि ती लेकरे आळंदीहून पैठणास पायी गेली. परंपरेत या शुद्धिपत्राचे साल शके 1209 सांगतात. त्या हिशेबाने ज्ञानदेव त्या वेळी बारा वर्षांचे होते.

विचार करावा. ज्यांना दाखल्याची सर्वांत कमी गरज, त्यांनीच दाखल्यासाठी ती वाट तुडवली. ब्रह्मज्ञान कमी पडले म्हणून नव्हे. देहाला समाजात राहायचे असते, आणि समाजाची दारे कागदाने उघडतात हे त्यांनी ओळखले. आणखी असे की एकाने दार उघडून घेतले तर मागून येणाऱ्याला ते ढकलणे सोपे जाते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला लोकसंग्रह याहून निराळा काय असतो? निवृत्तिनाथ गुरू, त्यांचे म्हणणे ज्ञानदेवांनी खोडले नाही. ‘मी शुद्ध आहे’ हे आतून पक्के असलेला माणूसच बाहेरच्या सभेपुढे अहंकार न दुखावता उभा राहू शकतो. ज्याला कागदावरच्या आकड्यातच आपली किंमत दिसते, तो एक तर खचतो किंवा चिडतो, आणि दोन्ही अवस्थांत त्याच्याकडून अर्ज नीट लिहिला जात नाही.

पैठणच्या सभेत रेड्याच्या मुखातून वेद वदवावे लागले. महालातल्या आमच्या मुलापाशी रेडा नाही. जुनी केसपत्रे आहेत.

आता सभेचे, म्हणजे निर्णय देणाऱ्याचे, कर्तव्य काय? आम्ही पाठशाळेत न्यायशास्त्र घोकले त्याला आता पन्नास वर्षे होत आली. त्यात अनुमानाचे पाच अवयव: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. पर्वतावर अग्नी आहे, ही झाली प्रतिज्ञा. कशावरून? धूर दिसतो म्हणून, हा हेतू. हेतू न देता नुसती प्रतिज्ञा करणाऱ्याला गुरुजी छडी दाखवीत. ‘72’ ही नुसती प्रतिज्ञा आहे. 80 चे 72 कशामुळे झाले? शरीर सुधारले, की मोजण्याची रीत बदलली, की आधीच्या वेळी चूक झाली होती? तिन्ही शक्य आहेत. मोजमापाची सरकारी मार्गदर्शक तत्त्वे 2018 साली निघाली आणि 2024 च्या मार्चमध्ये सुधारली गेली, हेही खरे. पण त्यांपैकी कोणते कारण लागू, हे त्या कागदावर कोठेही नव्हते. हेतू समजला आणि तो योग्य निघाला, तर मुलगा तो निर्णय मान्य करील. तसे त्याने आम्हांस बोलून दाखवले आहे.

कायदाही या बाबतीत पाठशाळेच्या बाजूचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, या कायद्यात एकवीस आहेत. त्याचे 41 वे कलम प्रवासाच्या सोयींचे आहे, आणि त्यात माणसाला स्वतः हिंडता-फिरता यावे यासाठी परवडेल अशा योजना करण्याचे काम सरकारवर सोपवले आहे. 59 वे कलम अपिलाचे: दाखला देणाऱ्या अधिकाऱ्याचा निर्णय मान्य नसेल त्याने राज्य सरकारने नेमलेल्या अपीलीय अधिकाऱ्याकडे जावे. 2017 च्या नियमांनी असेही घातले आहे की दाखला नाकारला तर त्याची कारणे लेखी कळवावीत. येथे कोणी म्हणेल की दाखला तर दिलाच आहे, फक्त टक्के कमी केले, त्याला नाकारणे कसे म्हणावे? हा शब्दच्छल झाला. ज्याची तीनचाकी 80 वर मिळते त्याला 72 लिहून देणे म्हणजे दाखला देऊन तीनचाकी नाकारणे होय, असे आमचे मत आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2024 रोजी महाराष्ट्रातील एका विद्यार्थ्याच्या प्रकरणात याच धर्तीचा विचार सविस्तर मांडला. त्या मुलाचे वाचेचे व भाषेचे अपंगत्व 40 टक्क्यांहून अधिक भरले, म्हणून त्याला डॉक्टरकीच्या शिक्षणास अपात्र ठरवले होते. न्यायालयाने सांगितले की नुसत्या टक्क्यावरून कोणाला अपात्र ठरवता येत नाही. हा मुलगा ते शिक्षण घेऊ शकतो की नाही ते तपासणी मंडळाने पाहिले पाहिजे, आणि नाही म्हणायचे तर कारण नोंदवले पाहिजे. अशा मंडळांवर अपिलाची व्यवस्था होईपर्यंत त्यांच्या निर्णयांची न्यायालयात तपासणी होऊ शकेल, असेही म्हटले. हा निर्णय देणाऱ्या पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई होते. आपल्या नागपूर खंडपीठात वकिली करून ते पुढे गेले आणि 2025 साली सरन्यायाधीश झाले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका प्रकरणात, स्नायूंच्या विकाराने 88 टक्के अपंगत्व आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही न्यायालयाने आकड्यापेक्षा काम करण्याच्या क्षमतेकडे पाहिले. गंमत अशी की त्या मुलांना टक्का जास्त म्हणून दार बंद झाले होते आणि आमच्या मुलाला टक्का कमी म्हणून. एकच आकडा एका दारात जड होतो आणि दुसऱ्या दारात हलका.

हे केवळ आपल्याकडेच चालते असे नाही. इंग्लंडात 2013 सालापासून अपंगांसाठी जे नवे अर्थसाहाय्य सुरू झाले, त्यात हिंडण्याफिरण्यासाठी वेगळा भाग आहे. वरच्या दराने तो मिळण्यासाठी माणसाला किती अंतर चालता येते ते पाहतात. पूर्वी हे अंतर साधारण 50 मीटर धरीत, ते आता 20 मीटर धरले. तेथे नाराज अर्जदाराला आधी त्याच खात्याकडे फेरविचार मागावा लागतो, मग स्वतंत्र न्यायाधिकरणापुढे जाता येते. आणि सुनावणीपर्यंत चिकाटीने पोचलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांच्या बाजूने निकाल लागतात. यावरून पहिला निर्णय देणारे सारे दुष्ट असतात असे अनुमान कोणी काढू नये. पहिल्या खिडकीपाशी माणूस थोडा वेळ दिसतो, दुसरीपाशी अंमळ जास्त वेळ, एवढेच त्यातून निघते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. खोटे दाखले काढणारे आहेत. 2024 साली आपल्याच राज्यात त्यावरून केवढा गदारोळ उठला हे सर्वांच्या लक्षात आहे. कायद्याच्या 91 व्या कलमात अशा लबाडीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगितले आहे, आणि ते रास्तच आहे. तेव्हा तपासणाऱ्याने बारकाईने तपासावे. पण चोराच्या भीतीने सावाला उपाशी ठेवावे, हा न्याय नव्हे. ज्याचे खरे आहे तो फेरतपासणीला भीत नाही. आमचा मुलगा तर फेरतपासणीच मागतो आहे.

आता त्या मुलाला तीनचाकी कशासाठी हवी, हेही ऐका. अर्जात ‘प्रयोजन’ लिहायचे होते. त्याच्या वडिलांची इच्छा की देवदर्शन व भजन असे लिहावे. ते वाचून साहेबालाही बरे वाटेल. मुलगा म्हणाला, “हिशेबाची कामं आणायला दुकानात जायचं आहे, ते लिहा. आणि महाराज, खरं सांगू का? संध्याकाळी फुटाळ्यावर मित्रांसोबत चहा प्यायला जायचं आहे. मला कोणी ढकलत न नेता. आणि परत कधी यायचं ते मी ठरवीन.”

वडील ओशाळले. आम्हांस मात्र ऐतरेय ब्राह्मणातली रोहिताची कथा आठवली. तो तरुण राजपुत्र अरण्यात हिंडतो आणि घरी परतायला निघाला की इंद्र त्याला दर वेळी अडवून सांगतो, हिंडत राहा. कोठे जा हे सांगत नाही. तरुणपणी पायांना वाट हवी असते. ती देवळाकडे गेली तरच चांगली, अशी अट देवानेही घातलेली नाही, मग सरकारने आणि बापाने का घालावी? आपला तर चालणाऱ्यांचा संप्रदाय. आषाढात पंढरीची वाट तुडवताना मोकळेपणाने पाय पडतात त्याचा जो आनंद असतो, तो काय फक्त पंढरपुरात पोचल्यावर मिळतो? तो वाटेतला आनंद या मुलाने बावीस वर्षांत एकदाही एकट्याने भोगलेला नाही. चहा प्यायचा असेल तर पिऊ दे. आम्ही स्वतः अर्जात ‘उपजीविका व स्वतंत्रपणे हिंडणे-फिरणे’ असे लिहविले.

आणखी एक गोष्ट आमच्या लक्षात आली. अठरा वर्षे पूर्ण झालेल्याचा अर्ज त्याच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने जातो. पण कचेरीत सगळे जण प्रश्न बापाला विचारतात: “याला जेवता येते का? याला शौचाला नेता का?” मुलगा समोर बसलेला असतो, बोलता येत असते, बी. कॉम. झालेला असतो. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. आठ ठिकाणी वाकलेला तो मुलगा जनकाच्या यज्ञमंडपाच्या दारी आला, तेव्हा पोर समजून द्वारपालाने त्याला अडवले. त्याने कोणाची शिफारस आणली नाही; द्वारपालाशीच वाद केला आणि वाद पटल्यावर द्वारपालानेच वाट दिली. म्हणून आमचे आईबापांस सांगणे आहे की सोबत जावे, कागदांची पिशवी धरावी, पण बोलू त्याला द्यावे.

तिसरी शंका चित्ताची: भांडणाने अंतःकरण मलिन होते. होते खरे, भांडणाने. म्हणून अपिलाचा कागद लिहिताना रागाचा एकही शब्द त्यात येऊ देऊ नये, अशी आम्ही अट घातली. पहिला मसुदा वडिलांनी लिहिला होता, त्यात अन्याय, दुर्लक्ष, बेपर्वाई असे शब्द सहा वेळा आले होते. ते काढले. त्यांच्या जागी लिहिले: सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत त्याला कोठे कोठे उचलावे लागते, जिना उतरायला किती वेळ लागतो आणि किती माणसे लागतात, डाव्या हाताने किती वजन धरता येते, हातदांड्याची तीनचाकी चालवून पाहिली तेव्हा किती पावलांवर ती कलंडली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी, ज्यांना आता फिजिओथेरपिस्ट म्हणतात, त्यांचे मत लेखी जोडले. कागद कमी संतापाचा झाला आणि जास्त जड झाला. ते अपील आता दाखल झाले आहे. पुन्हा तपासणी व्हायची आहे. निकाल काय लागेल ते लागो, तो आम्हांस अजून ठाऊक नाही.

संत कूर्मदासांची कथा वारकऱ्यांना सांगायला नको. पैठणचे, हातपाय नसलेले. पोटावर सरपटत पंढरीला निघाले. माढे तालुक्यातल्या लऊळ गावापर्यंत पोचले आणि एकादशी तोंडावर आली. पुढे जाणे होईना. बाकीचे वारकरी पुढे निघाले. तेव्हा कूर्मदासांनी त्यांच्याजवळ पांडुरंगाला निरोप दिला की मी येथवर आलो, आता तू ये. आणि देव आला, असे महिपती सांगतात. आपल्याकडेही कळमेश्वर तालुक्यात धापेवाड्याला गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पंढरीचा विठोबा येतो अशी श्रद्धा आहे, आणि ज्यांना पंढरपूर झेपत नाही असे हजारो लोक तेथे जमतात. या कथेत कीर्तनकार नेहमी कूर्मदासांच्या सरपटण्यावर आणि देवाच्या येण्यावर थांबतात. आम्हीही पुष्कळ वर्षे थांबत आलो. पण मध्ये कोणी एक वारकरी आहे, ज्याने तो निरोप लऊळहून पंढरपुरास नेला. महाद्वारी गर्दी असेल, त्याला स्वतःचे दर्शन घ्यायचे असेल, तरी त्याने निरोप पोचवला.

ज्यांच्या घरी असे प्रकरण अडले असेल त्यांना सांगणे असे की महालातल्या आमच्या भजनी मंडळात तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. ते दर एकादशीला कीर्तनानंतर मंडपात बसून अर्ज लिहून देतात, आणि लागेल त्याच्याबरोबर कचेरीतही जातात. येताना जुना दाखला, नवा दाखला, अर्ज परत आल्याची चिठ्ठी आणि डॉक्टरांचे सर्व कागद मूळ स्वरूपात आणावेत, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणाव्यात. फेरतपासणीची नोंद मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा, म्हणजे 2005 च्या कायद्याखालचा, अर्जही ते लिहून देतात. अपिलाची मुदत आधी विचारून घ्यावी आणि दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच शिक्क्यासह घ्यावी. मंडपाला दोन पायऱ्या होत्या, तेथे आता फळ्यांचा उतार केला आहे.